हत्तीची खुर्ची

सोमवार, ९ तारीख. सकाळपासून ढगाळ. गॅसचा सिलिंडर आला. सूनबाईच्या वर्गात पाढ्यांच्या चाचणीत चाळीस मुलं शून्यावर, एकीला वीसपैकी पाच. सूनबाई जेवली नाही.

सासूबाईंनी वहीत एवढंच लिहिलं. पण सूनबाई जेवली नव्हती ती निराळ्याच कारणानं.

ती चौथीची वर्गशिक्षिका. सुट्टीभर कॉम्प्युटरपुढे पाठ मोडून घेऊन तिनं पाढ्यांचा खेळ केला होता. प्रश्नाखाली चार उत्तरं. बरोबर उत्तर दाबलं की हिरवी खूण. चुकलं, की एक हत्ती ऐटीत येई, खुर्चीवर बसे, खुर्ची मोडे, हत्ती दाणकन आपटे, मग सोंडेनं धूळ झटकून जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं निघून जाई. खुर्ची घरच्याच स्वयंपाकघरातली, हुबेहूब. हिरव्या खुणेला दहा मिनिटं लागली होती, हत्तीच्या पडण्याला तीन आठवडे.

"गुरुवारी साहेब तपासणीला येताहेत," शाळेच्या मोठ्या बाईंनी दुपारी निकालाचा कागद पुढे सरकवला होता. "हेच दिवे लागणार असतील तर खेळ बंद, आणि चौथीचा वर्गही दुसरीकडे देईन. आलेले पाढे विसरायला लावलेत तुम्ही मुलांना!"

वर्ग जाणार, म्हणून घास उतरत नव्हता.

हे ऐकून सासूबाईंनी चष्मा पुसला. "आण इकडे. मी देते परीक्षा."

वीस प्रश्न झाले. वीस वेळा हत्ती आपटला. हसून हसून सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं.

"आई, सात आठे पंचावन्न?"

"छप्पन! मला येत नाही की काय? पण छप्पन दाबलं तर हा मेला पडतो कुठे?"

सूनबाईनं पिशवीतून निकालाचा कागद काढला.

"अगं, डोळे मिटून बोट ठेवलं तरी चार-पाच बरोबर येतात. सगळीच्या सगळी चुकवायला सगळं यावं लागतं. तू त्या पाचवालीकडे बघ."

दुसऱ्या दिवशी पाचवाली, दोन वेण्यांची, बाकावर मुसमुसत होती. शेजारीण म्हणाली, "बाई, हिला पाच मिळाले. काही म्हणता काही येत नाही हिला!"

सूनबाईनं तिला रोज मधल्या सुट्टीत पाढे म्हणायला बसवलं, आणि खेळात एकच बदल केला. हत्ती काढून बरोबर उत्तराला जोडला, खूण तांबडी करून चुकीच्या उत्तराला.

गुरुवारी चाळीस जणांना वीसपैकी वीस. पाचवालीला अठरा. आठशे अठरा वेळा खुर्ची मोडली. मोठ्या बाई कानांवर हात ठेवून, पण हसतमुखानं उभ्या होत्या.

साहेबांना राहवेना. "बघू, मी बसतो."

सहा वेळा हत्ती पडला आणि सहा वेळा साहेब लहान मुलासारखे खिदळले. सातवा प्रश्न आला, सतरा नव्वे किती. साहेबांनी एकशे त्रेचाळीस दाबलं. तांबडी खूण आली.

"हत्ती कुठाय?"

साहेबांनी तेच उत्तर पुन्हा दाबलं. परत तांबडी खूण.

"मशीन बिघडलं का?"

"नाही साहेब," दोन वेण्या हळूच म्हणाल्या, "एकशे त्रेपन्न. मलापण आधी असंच व्हायचं."

साहेबांनी घाम पुसला, एकशे त्रेपन्न दाबलं, आणि हत्ती पडल्यावर सुटकेचा निःश्वास टाकला. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: खेळ उत्तम, चालू ठेवावा. वर्गशिक्षिका याच राहाव्यात. मात्र हत्तीच्या सुरक्षिततेसाठी त्यास मजबूत खुर्ची पुरवावी व तसा अहवाल आठ दिवसांत पाठवावा.

"आता काय करशील?" संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं.

"लोखंडी खुर्ची काढते," पोटभर जेवून सूनबाई कॉम्प्युटरपुढे बसत म्हणाली. "मोडायच्या आधी ती जरा जास्त वेळ करकरेल."

सासूबाईंनी वही उघडली. गुरुवार, १२ तारीख. स्वयंपाकघरातली खुर्ची डुगडुगते. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली.