बैलजोडीचा चौक

मी लहान असताना माणदेशातलं आमचं गाव ओळखलं जायचं ते आठवड्याच्या बैलबाजारामुळे. पार कर्नाटकातून व्यापारी यायचे. उपरण्याखाली हात धरून बोटांनीच भाव ठरायचा, आणि बघणाऱ्याला दोघांच्या तोंडावरून काही म्हणता काही कळायचं नाही. मैदानाच्या कडेला जनावरांसाठी दगडी हौद होता, हौदासमोर वडिलांचं दुकान. कासरे, वेसणी, घुंगुरमाळा, शिंगांचे गोंडे. जनावर विकलं तरी जुना मालक आपला कासरा सोडून घेतो, तो द्यायचा नसतो. मग नव्या मालकाला आमच्याकडे यावंच लागायचं. आमची चूल या एका रीतीवर पेटायची.

पुढे ट्रॅक्टर आले. बाजार रोडावला, पण मोडला नव्हता. अशात गावच्या पुढाऱ्यांच्या डोक्यात आलं, की गावाची ओळख पुतळ्याच्या रूपानं उभी करावी. खिलार बैलजोडी, भोवती बाग, कारंजं. जागा अर्थातच बाजाराची, कारण ती मोक्याची. बाजार बायपासपलीकडच्या माळावर न्यायचा. या कामासाठी सगळ्यात जास्त कोण धावलं असेल, तर माझे वडील. जोडी उभी राहिली की लांबून माणसं येतील, बाजार पुन्हा फुलेल, असं ते घरोघर जाऊन सांगत होते. आईनं एकदाच विचारलं, "आवं, पर माळावर जनावरं पाणी कुटं पिणार?" तुला काय कळतंय, म्हणाले. माझ्या आईला सगळं कळतं, फक्त ती दुसऱ्यांदा विचारत नाही.

हौद फोडला. अनावरणाच्या दिवशी वडिलांनी फेटा बांधून, स्वतः ओवलेल्या घुंगुरमाळा त्या सिमेंटच्या गळ्यांत घातल्या. टाळ्या पडल्या. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

माळावर ना पाणी, ना सावली. व्यापाऱ्यांनी दोन-चार बाजार कळ काढली आणि शेजारच्या गावचा रस्ता धरला. आमचा बाजार बसला तो बसलाच. बैलांच्या खुरांना पत्री मारणारे गेले, भजी तळणारी गेली. आता माणसं चौकात थांबतात, फोटो काढतात आणि गाडीत बसून निघून जातात. बेंदराला, बैलांच्या सणाला, तर कहर होतो. गोठे रिकामे, म्हणून बायका पुरणपोळीचा नैवेद्य पुतळ्याला दाखवतात, आणि गावाला त्याचंही कौतुक. मला ते बघवत नाही. ज्यानं गाव जगवलं ते घालवायचं आणि त्याचीच मूर्ती करून पाया पडायचं, ही कसली अक्कल?

वडील मात्र रोज दुकान उघडायचे, गोंड्यांवरची धूळ झटकायचे. बंद करा म्हणून मी सांगलीहून फोनवर किती वेळा डोकं फोडून घेतलं. बाजार परत येणार आहे, एवढंच त्यांचं उत्तर.

गेल्या बेंदराच्या तोंडावर मी माहेरी होते. दुकानासमोर एक पिकअप थांबली. मागे खरीखुरी खिलार जोडी. वडील अनवाणीच बाहेर धावले, मी मागोमाग. गाडीवाला विजापूरकडचा होता, या भागात नवीन. वडिलांनी बैलाच्या वशिंडावरून हात फिरवला, घुंगुरमाळा दाखवतो म्हणाले. तो माणूस खाली उतरलाच नाही. त्यानं अदबीनं विचारलं, "अण्णा, बैलबाजार कुठं भरतो?"

वडिलांचा हात अजून बैलावरच होता. मग तो काढून त्यांनी रस्त्याकडे केला.

"ह्या पुतळ्यापासनं डावीकडं वळा. म्होरं शेजारच्या गावात लागंल."

बाजार परत येणार, असं ते त्यानंतर म्हणाले नाहीत. रोज दुकान उघडणंही सोडलं. फक्त शेजारच्या गावचा बाजार असतो त्या दिवशी सकाळीच उघडतात आणि दारात खुर्ची टाकून बसतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, वाट विचारणारी माणसं येतात, सांगायला कुणीतरी पायजे.