आबांबरोबर आरशापुढं

जबडा दुखायला लागला तेव्हा मला वाटलं, अक्कलदाढच असणार. उजव्या कानाच्या पुढं, बोट ठेवलं की नेमकं सापडेल अशा जागी ठणका लागायचा आणि तिथून कानशिलात चढायचा. सकाळी उठल्यावर तोंड पुरतं उघडायचंच नाही. जांभई आली तरी हनुवटी हातात धरून द्यावी लागे. भाकरीचा घास चावताना कानात कट् असा आवाज व्हायचा. तो शेजारच्यालाही ऐकू जातो की काय असं वाटून मी सगळ्यांच्या मागून, एकटी जेवायला लागले.

आम्ही वडगाव रासाईचे. घरी तरकारी, थोडा ऊस आणि दोन गाई. माझं माहेर दौंडचं, वडील रेल्वेत होते. शिक्षण झालेलं होतं, म्हणून लग्नानंतर काही वर्षांनी मी कारेगावजवळच्या एका कंपनीत लागले. तिथं गाड्यांना लागणारे रबरी भाग बनतात आणि मी क्वालिटीत आहे. म्हणजे तयार माल तपासायचा, बिघडलेला बाजूला काढायचा आणि तो का बिघडला याची उत्तरं द्यायची. गेल्या वर्षी आमच्या खात्यातला एकजण सोडून गेला. त्याचं काम तात्पुरतं माझ्याकडं आलं आणि माझ्याकडंच राहिलं. मॅनेजरसाहेबांनी कधी आवाज चढवला नाही. ते फक्त म्हणायचे, तेवढं बघून घ्या, आणि मी म्हणायचे, हो सर.

गालाला हात लावून मी मशिनपाशी उभी राहायला लागले, तेव्हा बिहारचा एक ऑपरेटर रोज विचारायचा, "मॅडम, दाँत निकलवाया नहीं अभी तक?" शेवटी मी शिरूरला दातांच्या डॉक्टरकडं गेले. त्यांनी फोटो काढला, आरसा घालून सगळे दात बघितले आणि म्हणाले, दाताला काही झालेलं नाही. पण दाढा घासून सपाट झाल्यात.

"तुम्ही झोपेत दात खाता," ते म्हणाले.

"कुणावर?" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि ते हसले.

मग त्यांनी विचारलं, काही टेन्शन आहे का. मी नाही म्हणाले. खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. नवरा चांगला, मुलगी शाळेत नीट शिकतेय, सासूसासरे धडधाकट, पगार वेळेवर. टेन्शन म्हणजे ज्याच्या घरात काही मोठं बिघडलंय त्याला, अशी माझी समजूत. डॉक्टरांनी जास्त खोदलं नाही. बऱ्याचदा मनावरचा ताण जबड्यात उतरतो, एवढंच म्हणाले आणि रात्री दातांवर बसवायचा एक पारदर्शक साचा करून दिला. मी तो वाटीत धुऊन ठेवला, तो सासूबाईंनी पाहिला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. "एवढ्यातच कवळी?" एवढंच त्यांनी काळजीनं विचारलं.

साच्यानं दाढा वाचल्या, पण ठणका काही थांबला नाही.

अशातच आबांचं झालं. आबा म्हणजे माझे सासरे. एका सकाळी चूळ भरताना त्यांच्या तोंडाच्या एका कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं. आत्यांनी चहा दिला तर चहाही तसाच सांडला. तोंड डावीकडं ओढलं गेलं होतं आणि उजवा डोळा मिटत नव्हता. नवऱ्यानं त्यांना तसंच गाडीत घालून शिरूरला नेलं. आम्ही दोघी घरी थांबलो, आणि जो शब्द मनात होता तो दोघींनाही उच्चारायचा नव्हता. दुपारी फोन आला. पॅरालिसिस नव्हता. चेहऱ्याच्या एका शिरेला सूज आली होती. गोळ्या, डोळ्यात घालायचं औषध आणि रोज चेहऱ्याचा व्यायाम, एवढ्यानं हळूहळू उतरेल असं डॉक्टर म्हणाले होते.

आत्यांनी देवाला साखर ठेवली. आबांना मात्र त्यात काही आनंद वाटला नाही.

आबा गावातलं बोलकं माणूस. सोसायटीची मीटिंग असो, कुणाचा साखरपुडा असो, दोन शब्द बोलायला त्यांनाच उभं करायचे. कपडे पांढरे, मिशी रोज कोरलेली. आता त्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचंच सोडलं. सकाळी डेअरीला दूध घालायचं काम त्यांचं होतं, कारण तिथं चार माणसं भेटतात आणि दिवसाचं निम्मं राजकारण तिथंच होतं. तेही थांबलं. नवरा पहाटे तरकारी घेऊन बाजारात जायचा, म्हणून दुधाची किटली माझ्याकडं आली. धार काढलेली असायची, पण किटली स्कूटीवर अडकवून डेअरीला जायचं, रांगेत उभं राहायचं, परत यायचं, डबा भरायचा आणि न्हावऱ्याला जाऊन कंपनीची बस पकडायची. त्या दिवसांत माझं तोंड दोन बोटांइतकंच उघडत होतं. मी खिचडीवर आणि दुधात कुस्करलेल्या भाकरीवर होते.

व्यायाम शिकायला शिरूरला जायला आबा तयार होईनात. "तितं कुत्रं बी वळखतं मला," म्हणाले. मग माझ्या भावानं दौंडमधल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंचं नाव सांगितलं. नदीपलीकडं, दुसऱ्या तालुक्यात, म्हणून आबांनी मान डोलावली. नवऱ्याला त्या दिवशी ऊसतोडीचं काम होतं, म्हणून भावाची गाडी मागवून मीच त्यांच्याबरोबर गेले.

भर उन्हाचे आबा तोंडाला टॉवेल गुंडाळून बाहेरच्या बाकावर बसले. समोर खांद्याला शेक घेत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी आबांकडं दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "कारखान्याच्या सभेला तर तोंड उघडंच असायचं. आज का बांधलंय?" पारगावकडचे निघाले, साखर कारखान्याच्या राजकारणात आबांच्या विरोधी गटातले. आबांनी निमूट टॉवेल सोडला. त्या गृहस्थांनी चेहरा पाहिला, पण हसले नाहीत. माझ्या थोरल्या भावाला पण असंच झालं होतं, आता चांगला शीळ घालतो, म्हणाले. आबा त्यांच्याशेजारी जाऊन बसले ते आमचा नंबर येईपर्यंत उठलेच नाहीत.

बाई तरुण होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी आबांना आरशासमोर बसवलं आणि भुवया उचलायला, गाल फुगवायला, ई आणि ऊ म्हणायला सांगितलं. आबा जमिनीकडं बघत बसले. दोन बायकांसमोर तोंडं वाकडी करायची त्यांना लाज वाटत होती. मग बाई मला म्हणाल्या, "तुम्ही करून दाखवा बघू." मी तोंड उघडलं. जबडा कट् वाजला आणि बाजूला सरकला.

बाईंनी आबांना सोडून माझ्या दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली. कधीपासून आहे विचारलं. गालाचा स्नायू दाबून म्हणाल्या, हा तर दगड झालाय. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी इतकी वर्षं मला ठाऊकच नव्हती. ओठ मिटलेले असावेत, पण आत दात एकमेकांना टेकलेले नसावेत. जीभ टाळ्याला, दात सुटे. जेवताना सोडलं तर दिवसभर वरच्या दातांचं खालच्यांशी काही काम नसतं. मी तिथल्या तिथं करून पाहिलं. दात सुटे ठेवले तर चेहऱ्यावरचं ओझं कुणीतरी खाली ठेवल्यासारखं वाटलं. दोन श्वासांत ते परत आवळले गेले होते.

"तुम्ही दोघं घरी एकत्रच करा," बाई म्हणाल्या.

यात काय अवघड होतं ते सांगायला हवं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी मी आबांसमोर कधी खुर्चीवर बसले नव्हते. कंपनीत मी पँट-शर्टचा युनिफॉर्म घालते, पुरुषांशी दिवसभर बोलते. घरी मात्र आबा आले की उठून उभी. आमचं बोलणं बहुतेक मुलीमार्फत चालायचं. आबांना सांग जेवायला वाढलंय, एवढंच. त्यांनी कधी तसं बंधन घातलं नव्हतं. ते घरात होतं, आणि मी ते मोडायला गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीत आबांनीच दाढीचा आरसा खिळ्याला टांगला. दोन खुर्च्या मांडल्या, एका खुर्चीवर बसले आणि दुसरीकडं न बघता म्हणाले, "बस. तू आदी कर."

आरसा एवढासा, दोघांची तोंडं मावेनात. मी गाल फुगवले, त्यांनी फुगवले. त्यांच्या उजव्या बाजूनं हवा फुस्सकन निघून गेली. मी जीभ टाळ्याला लावून तोंड हळूहळू उघडलं, तर माझा जबडा नागमोडी गेला. आत्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला, पण हसू काही आवरेना, आणि शेवटी सूप बाजूला ठेवून डोळे पुसायला लागल्या. आबाही हसले. अर्ध्याच तोंडानं, पण त्या आजारात पहिल्यांदा हसले. मग आत्यांनीच तव्यावर मीठ गरम करून दोन पुरचुंड्या केल्या, एक त्यांना, एक मला.

हे रोजचं झालं. आबांना दौंडच्या बाईंनी तोंडावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, ते त्यांनी मनावर घेतलं आणि स्वतःच्या तोंडाबरोबर माझ्याही तोंडावर ठेवायला लागले. मी भाजी चिरत असले तरी जाता जाता म्हणायचे, "दात." मी सोडायचे. पहिल्या पहिल्यांदा लाज वाटली, नंतर बरं वाटायला लागलं. माझं दुखणं कुणालातरी दिसत होतं.

एका रविवारी व्यायाम चालू असतानाच मॅनेजरसाहेबांचा फोन आला. उद्या ऑडिट आहे, अमुक रिपोर्ट पुन्हा करायचेत, आज रात्रीत होतील ना. मी हो सर, हो सर, होऊन जाईल सर म्हणाले आणि फोन ठेवला. आबा आरशातून माझ्याकडं बघत होते.

"ह्यो रोजच असा फोन करतो?"

मी म्हटलं, ते चांगले आहेत आबा, रागावून बोलत नाहीत.

"त्याचं न्हाई इचारलं. तू रोजच असं दात दाबून व्हय म्हनतीस का?"

आरशात माझ्या गालावरचा स्नायू उडत होता, तो मलाही दिसत होता. डॉक्टरांनी विचारलेलं टेन्शन मला त्या दिवशी कळलं. माझ्या घरात काहीच बिघडलेलं नव्हतं. मी फक्त सगळीकडं हो म्हणत होते, आणि तो प्रत्येक हो चावून धरत होते. आबांना उपदेश करायची सवय होती, पण त्या दिवशी केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किटली घ्यायला गोठ्यात गेले तर किटली जागेवर नव्हती. आत्या म्हणाल्या, हे घेऊन गेले. मी रस्त्यापर्यंत गेले. आबा पांढरे कपडे, टोपी, असे चालले होते, सायकलच्या हँडलला किटली. टॉवेल खांद्यावर होता, तोंडाला नव्हता. चेहरा तेव्हा निम्माच सुधारला होता, बोलताना शब्द बाजूला जायचे. आणि डेअरीपुढं त्या वेळी निम्मा गाव असतो.

मी तिथंच उभी राहिले. त्या सकाळी मला डबा भरायला, चहा बसून प्यायला वेळ मिळाला, तरी मी कप हातात घेऊन रस्त्याकडंच बघत बसले. नंतर शेजारणीकडून कळलं की लोकांनी विचारलं, कुणी मागं टिंगलही केली, आणि आबांनी सगळ्यांना आजाराचं नाव, औषधं, दौंडच्या बाईंचा पत्ता असं सगळं सविस्तर सांगितलं. तेव्हापासून दूध परत त्यांचं.

मला त्यातून बळ आलं असं म्हटलं तर ते फार मोठं वाटेल. पण आठवड्याभरात मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, की दोघांचं काम माझ्याच्यानं आता होत नाही, माझी तब्येत बिघडलीय. बोलताना जीभ टाळ्याला लावायचं लक्षात ठेवलं होतं. ते म्हणाले, तुम्ही कधी बोलला नाहीत. ते खरंच होतं. माणूस मिळायला बरेच आठवडे गेले, तोवर थोडं काम दुसरीकडं वाटलं. मग एक मुलगी आली, चटपटीत आहे.

आबांचा चेहरा बहुतेक जागेवर आलाय. हसले की उजवा डोळा अजून थोडा बारीक होतो. माझा जबडा ऑडिटच्या दिवसांत दुखतो, थंडीत वाजतो. साचा रात्री घालतेच. पण तोंड पुरतं उघडतं आणि मी सगळ्यांबरोबर जेवते. शिरूरचे डॉक्टर, दौंडच्या बाई, मीठ भाजून देणाऱ्या आत्या, गाडी घेऊन आलेला भाऊ, सगळ्यांचं मी देणं लागते, पण आबांचं वेगळंच.

आमच्याकडं घरातल्या माणसाला आभार म्हणायची पद्धत नाही. तरी परवा आम्ही वावरात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होतो तेव्हा मी म्हणून टाकलं, आबा, तुमच्यामुळं मी बरी झाले.

त्यांनी जुडी बांधून टोपलीत टाकली. "ते ऱ्हाऊ दे. तुज्या कंपनीत ड्रायवरची जागा निगाली तर आपल्या पुतण्याचं बग. लई मागं लागलाय."

"जागा आहे का ते विचारते," मी म्हटलं. "शब्द नाही देत."

"इचार, इचार," आबा म्हणाले, आणि पुढची जुडी घेतली.