चिमीची हनुवटी

माझ्या नणंदेला, म्हणजे आमच्या वन्संना, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी गाल भरून घ्यायचे होते. हसू नका. मी हसले होते आणि ते मला अजून टोचतंय.

वन्सं एका फोटो स्टुडिओत टचिंग करतात. एकोणतीस वर्षं झाली. आधी निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने करायच्या, आता कॉम्प्युटरवर करतात. काम तेच, लोकांच्या डोळ्यांखालचं काळं काढायचं, मुरमं पुसायची, लोंबणारी हनुवटी आत ढकलायची. त्यांच्या म्हाताऱ्या मालकांनी त्यांना एक सवय लावली होती. सगळ्या सुरकुत्या पुसल्या तरी डाव्या डोळ्याखालची शेवटची एक ठेवायची, नाहीतर माणसाचा बाहुला होतो. मालक गेले, वन्संनी सवय सोडली नाही.

लग्न केलं नाही त्यांनी. का, ते मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमच्याबरोबरच राहतात, आईंच्या खोलीत. आई म्हणजे माझ्या सासूबाई. तीन वर्षांपूर्वी त्या विसरायला लागल्या. आधी गॅस, मग वार, मग माणसं. माझ्या नवऱ्याला त्या स्वतःचा भाऊ समजतात, तो बिचारा मामा होऊन गप्प बसतो. आणि मला म्हणतात, "चिमे."

आता चिमी म्हणजे कोण? चिमी म्हणजे वन्सं. घरात दुसरं कुणी त्यांना ह्या नावाने हाक मारत नाही, फक्त आई. बैठकीत आईंच्या खुर्चीसमोर वन्संचा सव्विसाव्या वर्षीचा फोटो आहे, गोबरे गाल, तुकतुकीत कातडी. माझेही गाल गोबरे. मी दहा वर्षांनी लहान, खाऊन पिऊन सुखी. वन्सं मात्र वाळल्यात, गाल बसलेत, डोळे खोल गेलेत. आई फोटोकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि हाक मला मिळते.

वन्संना काय मिळतं? वन्सं त्यांना न्हाऊ घालतात, भरवतात, अंथरूण बदलतात. आणि रोज दिवेलागणीला आई त्यांना म्हणतात, "बाई, उशीर झाला हं. तुमच्या घरचे वाट बघत असतील." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दारातच उभी होते. वन्सं म्हणाल्या, "निघतेच," आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग थोड्या वेळाने परत आत गेल्या, नव्याने आल्यासारख्या.

एक दिवस मला म्हणाल्या, "वहिनी, एकदा. एकदाच तिने मला चिमे म्हणावं. मग काय वाट्टेल ते विसरू दे." आणि लगेच, "गालात ते फिलर का काय घालतात ना, ते मी घालून घेणार आहे. ती त्या फोटोला ओळखते. मी फोटोसारखी दिसले की झालं."

मी हसले ते इथे. वन्संनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की हसू तिथेच थांबलं. दुसऱ्याची हाक रोज आयती घेणाऱ्या बाईने हसू नये, एवढी अक्कल मला तेव्हा आली. मी म्हटलं, "चला. पण मी बरोबर येणार, आणि प्रश्न मी विचारणार."

पहिली जागा एका पार्लरच्या वरच्या मजल्यावर होती. दारावर पाटी, दोन सुयांवर एक मोफत. म्हटलं, "वन्सं, सुई ही काय फुकट घ्यायची वस्तू आहे?" आत पांढरा कोट घातलेली पोरगी ट्रेमध्ये वेष्टण नसलेली, उघडीच सिरिंज घेऊन आली. मी विचारलं, "औषध कुठलं? खोकं दाखवा." ती म्हणाली, "ताई, विश्वास ठेवा ना." "डॉक्टर कोण आहेत?" "येतात महिन्यातून एकदा." माझं डोकंच फिरलं. ती वन्संना 'डोळे मिटा' म्हणत होती आणि मी वन्संचा दंड धरून जिना उतरत होते.

दुसरी जागा मोठी. काचेची दारं, पायाखाली गालिचा, प्यायला गार पाणी. एका मुलीने आमच्यापुढे जाडजूड अल्बम ठेवला, आधीचा चेहरा आणि नंतरचा. मी तर हरखूनच गेले. काय एकेक बायका! मी वन्संना कोपराने ढोसलं, "इथेच करून टाकू."

वन्संनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अल्बम नाकाला लावला. कामावर असतात तेव्हा त्या अशाच बघतात. एक पान, दोन पानं, पाचवं पान. मग बोट ठेवून म्हणाल्या, "वहिनी, डावा डोळा बघ."

बघितलं. सगळा चेहरा गुळगुळीत आणि डाव्या डोळ्याखाली एक सुरकुती. पुढच्या पानावर तीच. त्याच्या पुढच्या पानावरही तीच.

"हे माझं काम आहे," वन्सं त्या मुलीला म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे ह्या बाईंना तुमच्या डॉक्टरांनी नाही, मी तरुण केलंय. खुर्चीत बसून, वीस मिनिटांत."

मुलगी फोनमध्ये बघायला लागली. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा जाहिरातवाल्याने स्टुडिओत चाळीसेक चेहरे पाठवले होते, ते हे. कशासाठी आहेत ते त्याने सांगितलं नव्हतं, वन्संनी विचारलं नव्हतं. मला तर बाहेर येईपर्यंत हसू आवरेना. वन्सं फूटपाथवर थांबल्या. म्हणाल्या, "माझ्या पेन्सिलीवर विश्वास ठेवून किती बायका त्या टेबलावर झोपल्या असतील गं." 

तिसरं नाव स्टुडिओत आलेल्या एका बाईने दिलं. तिचा गळा भाजला होता आणि त्या डॉक्टरीणबाईंनी तो बराच सुधारला होता. साध्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीवर प्रमाणपत्र, त्यावर नोंदणी क्रमांक; मी तो लिहून घेतला आणि बाहेरच्या बाकावर बसून वैद्यकीय परिषदेच्या यादीत शोधला. सापडला. पदवी प्लास्टिक सर्जरीचीच होती. अल्बम मात्र नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी आधी गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारलं. मग मी काही विचारायच्या आधीच, सूज किती दिवस राहते, क्वचित रक्तवाहिनीत औषध जाऊन नजरेलाही धोका होऊ शकतो, तसं काही वाटलं तर विरघळवायचं औषध ह्याच कपाटात असतं, सगळं सांगितलं. "सीलबंद खोकं तुमच्यासमोर फोडेन. सुई मीच टोचेन, दुसरं कुणी नाही." माझे अर्धे प्रश्न वाया गेले.

मग त्यांनी विचारलं, "कुणासाठी करताय?"

"आईसाठी," वन्सं म्हणाल्या आणि पर्समधून बैठकीतल्या फोटोची छोटी प्रत काढली. सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. फोटो घेतला, वन्संचा चेहरा उजेडाकडे वळवला, परत फोटो बघितला.

"हनुवटीवरचा हा व्रण कधीचा?"

"लहानपणीचा. पायरीवर पडले होते."

"मग फोटोत का नाही?"

वन्संनी हनुवटीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मीच काढला. नवीन नवीन काम शिकत होते. पहिली पेन्सिल स्वतःच्याच तोंडावर फिरवली."

म्हणजे बघा. आम्ही दारोदार जो चेहरा मागत फिरत होतो तो कधी नव्हताच. मला वाटलं वन्सं उठतील. त्या म्हणाल्या, "मग व्रणही भरून टाका. अगदी फोटोसारखी करा."

"भरता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आज नाही. दोन आठवड्यांनी गुरुवारी या. त्याआधी नको वाटलं तर नुसता फोन करा. आई ओळखतील असं मी सांगू शकत नाही. ते माझ्या हातात नाही."

परतताना वन्सं म्हणाल्या, "ह्यांच्याकडेच करायचं." मीही मान हलवली.

त्या दोन आठवड्यांत वन्सं सारख्या आरशात बघायच्या. एका दुपारी त्या आईंची नखं कापत होत्या, मी शेजारी शेंगा निवडत होते. आईंनी मोकळा हात उचलला आणि वन्संच्या हनुवटीला लावला. बोट व्रणावर थांबलं.

"कसं लागलं हो बाई?"

"लहानपणी पडले."

"आमच्या चिमीलाही इथंच आहे." आई पुढे वाकल्या, आवाज बारीक केला. "ती पडली नव्हती. मी ढकललं होतं. रागाच्या भरात. तिला आठवत नाही, मी पायरीवर पडलीस म्हणून सांगितलंय. तुम्ही बोलू नका हं कुठे."

नेलकटर वन्संच्या हातात तसाच राहिला. मी शेंगांमधून वर बघितलं नाही.

"तिला सांगायचंय मला," आई म्हणाल्या. "चुकलं म्हणायचंय."

"मला सांगा," वन्सं म्हणाल्या.  "मी सांगते तिला."

"तुम्हाला कशाला?" आईंना रागच आला. "माझी पोर येईल ना. तिलाच सांगीन."

वन्संनी उरलेली तीन नखं कापली. एकही वेडंवाकडं नाही. मग न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडून बसल्या, खूप वेळ.

मला वाटलं आता गुरुवार रद्द. कसलं काय! उलट हट्टालाच पेटल्या. "आता तर करायलाच पाहिजे, वहिनी. ती माझीच वाट बघतेय." मी म्हटलं, "आणि व्रण?" त्या आरशाकडे वळल्या.

गुरुवार उजाडला. वन्सं आत कपडे बदलत होत्या, रिक्षा सांगून झाली होती. मी आईंना चहा द्यायला गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडभर हसल्या. "चिमे, आलीस!"

तीन वर्षं मी त्या हाकेला 'ओ' देत आले. सोपं होतं ते, आई खूश, मीही मोकळी. त्या दिवशी नाही दिली. कप खाली ठेवला, त्यांचा हात धरला आणि माझ्या हनुवटीला लावला. त्यांची बोटं इकडून तिकडे फिरली. गुळगुळीत. पुन्हा फिरली. हसू गेलं, चेहरा घाबरा झाला, आणि मला वाटलं, मेले, काय करून बसले मी.

"तू चिमी नाहीस."

"नाही, आई. चिमी आत आहे. कपडे बदलतेय."

आईंनी मान वळवली. आतल्या दाराला पडदा आहे, जाडसा, निळा. त्या पडद्याकडे तोंड करून, मी कधी ऐकला नव्हता इतक्या खणखणीत आवाजात त्यांनी हाक मारली, "चिमेऽ!"

पडद्यापलीकडची खुडबुड थांबली. पडद्याच्या कडेशी वन्संची बोटं दिसली. पडदा थोडा हलला.  बाहेर आल्या असत्या तर परत 'बाई' झाल्या असत्या, हे मला कळत होतं. त्यांनाही कळलं. बोटं मागे गेली.

"ओ, आई," वन्सं आतूनच म्हणाल्या.

"किती उशीर गं पोरी. जेवलीस का?"

"जेवले, आई."

"चिमे, ते तुझ्या हनुवटीचं..." आईंनी पदर तोंडाशी धरला. "मी ढकललं होतं गं तुला. चुकलं माझं."

 मग वन्सं म्हणाल्या, "दुखत नाही, आई. कधीच नाही दुखलं."

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी गॅलरीत जाऊन त्याला हातानेच जा म्हणून सांगितलं.