माळेची कलाली

फाल्गुन शुद्ध चतुर्दशी, इंग्रज अजून होते तेव्हाची. मी खळ्यावर दादर ज्वारी उपणत होते. खळ्यासमोरच, म्हसावदच्या रस्त्याला कलाली होती. मोहाची दारू विकायचं दुकान. तिकडे बघायचंसुद्धा नाही, हा आमच्या घरचा नियम. सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. दारूचा वास आला तरी ते अंघोळ करत.

तेच सासरे मला कलालीच्या ओट्यावर बसलेले दिसले. हातातलं सूप हातातच राहिलं.

कारण ठाऊक होतं. आमच्या बैलाने सालदाराचा, वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचा, डोळा फोडला होता. बैल मारका आहे हे सासऱ्यांनी त्याला सांगितलं नव्हतं. त्याचे भाऊ धडगावकडच्या डोंगरातून उतरून त्याच्यासोबत ओट्यावर बसले होते. भरपाई म्हणून वासरी दिली तरी वैर मिटलं नव्हतं, आणि माझा नवरा गाडी घेऊन लाकडाला त्याच डोंगरात जात असे.

सालदाराचा थोरला भाऊ म्हणाला, "पाटील, वासरी लिधी. पन एकज द्रोणमा पिशात, तवयज भांडण सरी." एका द्रोणातून दोघांनी प्यायलं तरच वैर संपतं, ही त्यांची रीत.

"मी माळकरी शे."

"अन् मन्हा भाऊ काना शे."

सासरे उठले. मला वाटलं, घरी निघाले. त्यांनी माळ काढली, कलालीच्या खुंटीला अडकवली आणि परत बसले. डोंगरातल्या रीतीप्रमाणे पळसाच्या द्रोणातले चार थेंब जमिनीवर सांडले आणि घोट घेतला. मग तोच द्रोण सालदाराने तोंडाला लावला. मी ज्वारीच्या राशीवरच बसले.

"आते देवबी कलालीमा उना!" रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं.

सासरे माळेविनाच घरी आले. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. नवरा म्हणाला, "माळ ऱ्हाऊ दे तठेच. आपला घरनं कोनी तठे पाय ठेवानं नही." दिवे लागेपर्यंत गावाने दुकानाचं नाव पाडलं होतं, माळेची कलाली. ते आजही तेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सालदार डोळ्याला फडकं बांधून आला आणि नेहमीसारखे बैल सोडू लागला. मी त्याला भाकरी दिली, पदर खोचला आणि कलालीत गेले. कलाल ताडकन उभा राहिला. "वहिनी, तुम्ही अठे?"

"माळ दे."

माळेला मोहाचा वास येत होता. विहिरीवर ती धुतली, सासऱ्यांच्या उशाशी ठेवली आणि राहिलेली दादर उपणायला गेले.