तिला सांगा, की…

पास होणाऱ्यांच्या वर्गात किस्से घडत नाहीत हो! ती मुलं येतात, उतरवून घेतात, घरी जातात. किस्से हवे असतील तर दहावीला इंग्रजीत उडालेल्यांना शिकवावं. मी महाडच्या बाजारपेठेत, एका कापडाच्या दुकानाच्या माळ्यावर, बरीच वर्षं हा उद्योग केला. शनिवार-रविवार दुपारी क्लास आणि ऑक्टोबरात परीक्षा. सगळं महाड आम्हाला 'ऑक्टोबरवाले' म्हणायचं. काहींची फी यायची, काहींच्या घरच्या काकड्या यायच्या. किस्से मात्र सगळ्यांकडून वेळच्या वेळी!

माझी शिकवण्याची एक पद्धत होती. एकाने मराठीत काहीतरी बोलायचं आणि शेजारच्याने ते इंग्रजीत वर्गाला सांगायचं. 'ही सेज दॅट ही इज वेटिंग फॉर द बस.' यात दॅट आला, आयएनजी आलं, शिवाय फॉर, अ‍ॅट, ऑन यांचा छळवादही आला. स्वतःचं बोलायला माणूस लाजतो. दुसऱ्याचं सांगायला कोण लाजतो? आपल्याकडे तर मुळीच नाही!

* * *

दिनकर वीर स्टेशन ते महाड रिक्षा चालवायचा. कोकण रेल्वे नुकतीच वीरपर्यंत आली होती आणि त्याला वाटायचं, आता इंग्रजी बोलणारी गिऱ्हाइकं गाडी भरभरून येणार. म्हणून तो क्लासला आला. वर्गातला सगळ्यात हुशार नापास!

एकदा खरंच आलं गिऱ्हाईक. एमआयडीसीत कामाला निघालेला दक्षिणेकडचा एक साहेब. हातात दोन बॅगा. दिनकरसमोर उभा राहून म्हणाला, "आय अ‍ॅम गोइंग टू महाड."

दिनकर शेजारच्या रिक्षावाल्याकडे वळला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ही सेज दॅट ही इज गोइंग टू महाड!"

एकही चूक नाही! दिनकर छाती फुगवून उभा. तेवढ्यात साहेब तिसऱ्याच रिक्षात बसून गेलासुद्धा.

"अरे, 'कम, सर' एवढं तरी म्हणायचंस!" मी म्हटलं.

"बाई, तो काय म्हणतो ते तुम्ही शिकवलंत. मी काय म्हणायचं ते कुठं शिकवलंत?"

* * *

मालतीकाकू ब्लाऊज शिवायच्या. मुलगी दहावीला बसणार, तिच्या आधी आपण पास व्हायचं, असा त्यांचा हट्ट. पण दुपारची वेळ, माळ्यावरचा उकाडा आणि सकाळपासून मशीन चालवून थकलेली बाई. काकू भिंतीला टेकल्या की पाच मिनिटांत डोळे मिटायच्या.

एकदा मी मुद्दामच दिनकरला उठवलं. "काकूंचं सांग बघू इंग्रजीत."

"काकू सेज दॅट शी इज स्लीपिंग."

"अरे, झोपलेलं माणूस असं म्हणेल कसं?"

डोळे न उघडता काकू म्हणाल्या, "म्हणाले मी. बरोबर आहे त्याचं. पुढचं शिकवा!"

* * *

आता सुनंदाचं सांगते. सुनंदा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीतली सून. नवरा मुंबईत कँटीनमध्ये. वाडीला अंगणवाडी मंजूर झाली होती आणि तिथे दहावी पास बाई हवी होती. अख्ख्या वाडीत दहावीपर्यंत पोचलेली ही एकटी, आणि तीही इंग्रजीत अडकलेली. ऑक्टोबरात ती पास झाली नाही, तर खालच्या गावातली कुणीतरी नेमली जाणार. आणि ती बाई रोज डोंगर चढून पोरांसाठी वर येईल, असं वाडीत कुणालाच वाटत नव्हतं.

सुनंदाबरोबर तिचे सासरे यायचे, धोंडूबाबा. संध्याकाळी एसटीतून उतरल्यावर रानातून चढायचं, म्हणून सोबत. क्लास संपेपर्यंत म्हातारा जिन्याच्या वरच्या पायरीवर काठी आडवी घेऊन बसायचा.

सुरुवातीला सुनंदा तोंडच उघडेना. मग एके दिवशी धोंडूबाबा पायरीवरूनच मला म्हणाले, "बाई, तिला सांगा, गाडीची येळ झाली."

सून त्यांच्यापासून दोन हातांवर बसलेली! मी गमतीने वर्गाला विचारलं, "कोण सांगेल हे इंग्रजीत?"

सुनंदा उठली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि एका दमात म्हणाली, "बाबा सेज दॅट द बस इज लीव्हिंग."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "अगं, एवढं पटकन कसं जमलं?"

"आमच्या घरात असंच बोलतात, बाई."

त्या वाडीवर सासरा सुनेशी थेट बोलत नाही. राग म्हणून नव्हे, मान म्हणून. मध्ये कुणीतरी लागतं. सासू होती तोवर ती होती. ती वारली आणि मध्ये बोलणारं माणूसच उरलं नाही.

"मग आता कुणाला सांगतात?" काकूंनी विचारलं.

"म्हशीला."

* * *

म्हशीचं नाव चंद्री. धोंडूबाबा जेवायला बसले की गोठ्याकडे तोंड करून म्हणायचे, "चंद्रे, तिला सांग, आमटीत मीठ नाय." सुनंदा मीठ वाढायची आणि चंद्रीला सांगायची, "बाबांना सांग, दिलंय."

दिनकर हसून हसून लोळायचा बाकी होता. काकूंना मात्र काळजी लागली. "आणि म्हैस विकली तर गं?"

सुनंदा अगदी गंभीर. "नाय विकायचे बाबा. मग बोलतील कुणाशी?"

* * *

परीक्षा तोंडावर आली आणि नेमकी भातकापणी आली. सुनंदाला त्या शनिवारी येता आलं नाही. पण दुपारी पाहते तर धोंडूबाबा एकटेच पायरीवर!

"बाबा, आज तुम्ही कसे?"

"तिला कापणीला लावलीय, बाई. म्हटलं, धडा चुकाया नको. तुमी शिकवा, मी आयकतो."

त्या दिवशी मी ऑन आणि इन शिकवत होते. म्हातारा मान हलवत ऐकत बसला. क्लास संपल्यावर उठला, काठी टेकत डेपोकडे गेला.

पुढच्या दिवशी सुनंदाने सांगितलं. बाबा रात्री घरी आले, पाय धुतले आणि गोठ्याच्या दारात जाऊन बसले. "चंद्रे, तिला सांग. माशी दुधावर बसली तर ऑन. दुधात पडली तर इन. आनि सांग, बाई म्हनाल्या, हे पेपरात येतंच."

मी इतकी वर्षं टेबल, पुस्तक आणि पेटी घेऊन हेच शिकवत होते. त्या दिवसापासून माझ्या वर्गात दूध आणि माशी आली. आणि खरं सांगू? मला तो म्हातारा फार आवडायला लागला.

* * *

निकालाच्या दिवशी सुनंदा आलीच नाही. भीतीने. धोंडूबाबा एकटे आले, शाळेच्या फाटकाशी उभे राहिले आणि नंबराची चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली. मी आत जाऊन पाहून आले. पास! काकूही पास! दिनकर तेवढा राहिला.

"माझं काय बाई, मार्च आहेच," दिनकर म्हणाला.

मी धोंडूबाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमी चला वर."

"मी? कशाला?"

"तिला सांगाया."

"अहो, चंद्रीला सांगा की!"

म्हातारा रागावला. पहिल्यांदाच रागावलेला पाहिला मी त्याला. "पोर धावी पास झाली हाय, बाई. असली गोष्ट म्हशीला सांगायची?"

दिनकरने रिक्षा काढली. स्वतः नापास झालेला पोरगा, पण पोलादपूरपर्यंत आणि पुढे डोंगराच्या पायथ्यापर्यंत गाणी म्हणत घेऊन गेला. तिथून पुढे पायवाट. धोंडूबाबा पुढे, मी मागे. माझं वजन तेव्हाही काही कमी नव्हतं. आणि म्हातारा थांबू देईना. "थोडंच हाय, बाई, थोडंच हाय," म्हणत त्याने मला अक्षरशः पळवलं!

वर पोचलो. सुनंदा अंगणात भात पाखडत होती. आम्हाला पाहिलं आणि सूप खाली ठेवून उभी राहिली.

मी बोलायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना! धाप लागलेली. छातीवर हात ठेवून नुसती उभी राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही चढणीचंच.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. बाई एवढा डोंगर चढून आल्या, बोलत नाहीत, डोळ्यांत पाणी. तिचा चेहरा उतरत गेला. मटकन खाली बसली ती, तिथेच भातात.

"ऱ्हाऊ दे बाई," ती हळूच म्हणाली. "पोरांना दुसरी बाई येईल."

मी 'नाही, नाही' अशी जोरजोराने मान हलवली. त्याचा तर तिने आणखीच भलता अर्थ घेतला आणि पदर तोंडाला लावला.

धोंडूबाबा माझ्याकडे बघताहेत, तिच्याकडे बघताहेत. "बाई, बोला की! अवो, सांगा की तिला!" मी हातानेच म्हणते, थांबा, थांबा जरा. सुनंदाचे खांदे हलायला लागलेले.

आणि म्हातारा ओरडला.

"अगो, पास झालीस गो बाय! पास झालीस!"

मला एकदम श्वास घेता यायला लागला, पण आता मी बोलले नाही. धोंडूबाबा काठीवर भार देऊन उभे होते.

सुनंदा उठली. डोळे पुसले, पदर डोक्यावर नीट घेतला. माझ्याकडे बघितलं नाही, गोठ्याकडेही नाही.

"बाबा, तुमी बसा आधी," ती म्हणाली. "पाय कापतायत तुमचे."