घरची हळद

मिलिटरीतून रिटायर होऊन शिराळ्याजवळच्या आमच्या गावात शेती करायला लागलो, तेव्हापासून सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर हळदीचा दर बघायची मला खोड लागली. मध्यंतरी तो दर असा चढायला लागला की जिवाला चैन पडेना. आज विकावी तर उद्या आणखी वाढेल, ठेवावी तर उद्या कोसळेल.

शेवटी पोती सांगलीच्या बाजारात न्यायचं ठरवलं. वर्षभर घरात लागणारी डबाभर हळकुंडं बायको दरवर्षी आधीच बाजूला काढते. त्या वर्षी मी ती पण पोत्यात ओतली.

"आवं, घरची तरी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

मी खेकसलो, "दुकानात मिळत न्हाई व्हय?"

मिळत होती की! पण दर चढतच राहिला आणि दुकानातली पुडी महिन्यागणिक महाग होत गेली. तेल आणि गॅस आधीच महागले होते. हळद पिकवणाऱ्याची बायको हळदीची पुडी पदराखाली झाकून घरी आणायची. आमटीचा रंग फिका पडत गेला. मी मान खाली घालून जेवायचो.

रानात हळदीचं पुढचं पीक उभं होतं. एका सकाळी मी दर बघायला मोबाइल उघडला, तेव्हा बायको विकतच्या हळदीची चिमूट बोटांत धरून देवापुढं उभी होती.

"आवं," मागं न बघताच तिनं विचारलं, "देवाला काय सांगू? दर वाढू दे म्हणू, का उतरू दे?"