यशोदाच्या पाठीमागचा देवचार

यशोदाच्या पाठीमागे देवचार लागलाय, ही बातमी वालावलीच्या खाडीकाठच्या वाडीत नळावर पहिल्यांदा कुजबुजली गेली आणि तिथून यशोदापेक्षाही जोरात धावली. उजाडायच्या आत ही बाई साडी खोचून घाटी चढते, वर रस्त्याला पोचते, सुशांतच्या दारातल्या रिक्षाला हात लावते आणि मुकाट खाली येते.

"पाठी कोण असल्याशिवाय माणूस धावता काय गो?" यशोदाच्या शेजारच्या गंगारामच्या बायकोने विचारलं. काहींनी सुशांतवर संशय घेऊन बघितला. पण तो त्या वेळी घोरत असतो हे रस्त्यापर्यंत ऐकू येतं, म्हणून तो संशय टिकला नाही. देवचार टिकला. गावाची राखण करणारा तो, घाटीतल्या वडाखाली त्याचं ठिकाण.

यशोदा काही धावपटू नव्हे. चाळिशी उलटलेली, अंगाने भरलेली. नवरा महादू छातीत कळ येऊन गेलेला. घरात लेक दीपिका, दम्याची. वाडीत मोबाईलला रेंज नाही की गाडीला वाट नाही. दोन्ही घाटीच्या वर. आणि दीपिकाचा पंप कधीकधी हरतो.

दीपिकाचे शाळेतले जुने कॅनव्हासचे बूट घालून यशोदा पहिल्यांदा धावली ती फणसापर्यंत. तिथे ओकली. मग गुडघ्यांनी संप केला. कंटाळाही यायचा, नाही असं नाही. पण अंथरुणात लेकीच्या छातीतली शिट्टी ऐकू आली की पाय आपोआप बुटांत जायचे. फणस मागे पडला, मग दगडी बांधाचा गडगा, मग वड. वडापाशी तिची गाळण उडायची. देवचारासाठी दगडावर विडी ठेवून, डोळे घट्ट मिटून ती जागा पार करायची. अशी बाई दिसल्यावर लोकांनी तरी काय समजायचं?

शेवटी गंगाराम, वाडीचा मानकरी, कोणी न सांगता नारळ घेऊन वडाखाली उभा राहिला आणि त्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या बायच्या पाठी जी काय धावणी लागली हा, ती वाटेवयल्या वाटेर मोडून काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. यशोदाही ओरडली. न ओरडून करते काय?

"आता धावलंस तर देवाचो शबुद मोडतलो," गंगारामने बजावलं. "मगे माझ्याकडे येव नको."

बूट खुंटीला लागले. वाडी निर्धास्त झाली. यशोदाची झोप गेली. दारातून बघावं तर घाटी रोज लांब होत चाललेली. पाण्याची कळशी उचलतानाही ती आपला श्वास तपासायची.

एका पहाटे लेकीच्या छातीतली शिट्टी थांबली, आणि यशोदा दचकून उठली. दीपिका भिंतीला टेकून बसलेली, ओठ निळे, पंप हातात तसाच.

"गे आये..." एवढंच.

"गंगाराम भावोजीनु, चेडवाक खुर्चेत घालून वर आणा!" यशोदा शेजारच्या दारावर थाप मारून ओरडली आणि सुटली. पायात बूट नाहीत, हातात विडी नाही. फणसापाशी छाती फाटायला आली. "बसा नको," ती स्वतःलाच म्हणाली. "यशोदा, बसा नको गो." वडाखाली पाठीमागे काहीतरी वाजलं. तिने वळून बघितलं नाही. पाय थांबले नाहीत.

"ऊठ रे सुशांता!"

खुर्ची वर आली तेव्हा रिक्षा वळवून उभी होती. दवाखान्यात डॉक्टरांनी वाफ दिली, सुई टोचली, आणि सूर्य वर येईस्तोवर दीपिकाच्या ओठांवर रंग परतला.

बाहेर गंगाराम यशोदाजवळ सरकला. "शबुद मोडलंस ता बरा केलंस," तो हळूच म्हणाला. "पण माका खरा सांग, पाठीक कोण होतो?"

"महादू," यशोदा म्हणाली.

गंगारामने जागच्या जागी हात जोडले. दुपारपर्यंत वाडीत देवचार मागे पडला होता आणि महादूचं भूत धावायला लागलं होतं.

देवचार नव्हता. भूतही नव्हतं. महादूच्या छातीत कळ आली तेव्हा यशोदा रिक्षा आणायला धावली होती. रिक्षा उशिरा मिळाली, असं तिने गावाला सांगितलं. ती फणसापाशी दम लागून बसली होती.